तिरपा चौबगळा

३ मार्च

प्रिय धाकटे,

शाळेच्या गाण्याच्या खोलीतली मागची रांग आठवते का तुला? आपण दोघी उंच, म्हणून कायम मागे. शेवटच्या कडव्याला सिस्टर सगळ्यांना हात वर करायला लावायच्या, आणि त्या जुन्या पांढऱ्या झग्यांच्या बगला एकामागून एक टरकायच्या. एकदा तर असा आवाज झाला की पियानो थांबला. दुसऱ्या दिवशी शिवणाच्या सिस्टरनी बगलेत बसवायचा तो चौकोनी तुकडा, चौबगळा, शिकवला. कापड अंगाला अडवतं तेव्हा चूक कापणाऱ्याची असते, अंगाची नसते, असं म्हणाल्या होत्या. तू माझ्या खांद्यावरून बघत होतीस आणि तुझ्या नाकाला खडू लागला होता. ते नाक आठवलं की अजून मला हसू येतं.

आज मात्र हसू येत नाही. फोन केला असता तर ओरडले असते, म्हणून लिहितेय.

सकाळी दुकानात एक मुलगी लाटांवर घसरायच्या फळीला चोळायचं मेण घ्यायला आली. समुद्रातून थेट. तिच्या पायांखाली तळं साचलं होतं आणि नुकतीच झाडलेली फरशी पुन्हा वाळूने भरली. तिने वरच्या फडताळाकडे हात नेला. अंगात समोरच्या दुकानातला सदरा होता, लांब बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा, आपण शिवतो तसलाच. आणि बगलेत आपला चौबगळा. मी तिला म्हटलं, बाई, जरा हात तसाच ठेव. तिला वाटलं बगलेत काही चावलं. मी बाही उलटून पाहिली. तोच आकार, तीच चपटी शिवण, आणि पुढच्या बाजूला अर्धं बोट कललेला तो तुकडा.

हा कल जगात एकच हात देतो. पहिली चोवीस वर्षं तू चौबगळा सरळ कापत होतीस. गेली दोन वर्षं तिरपा कापतेस, आणि तेव्हापासून काखेत घासतं म्हणून एकही सदरा परत आलेला नाही. म्हातारपणी तुझा हात सुधारतोय, असं मी कौतुकाने लिहिलंही होतं. तू तिथे डोंगरात बसून कागदी फर्मे कापायचे, बाहीच्या घडीत पत्र घालून पार्सल करायचं, मी इथे कापड कापून शिवून घ्यायचं, हे आपलं सव्वीस वर्षं चाललंय. इतकी वर्षं मी खारट वाऱ्याशी भांडतेय. चेन गंजतात, काचेतले रंग उडतात, ओल्या अंगाने सदरे घालून बघणारे लोक ते तसेच दांडीवर टांगतात. हे सगळं केलं कारण आपल्याकडे एक गोष्ट अशी होती जी समोरच्याकडे नव्हती.

ती त्याला कोणी दिली? सरळ उत्तर दे.

बटणी कशी आहे? सात आठवडे झाले, मावशीकडे चार दिवस जाते म्हणून गेली ती. मला एक ओळ नाही. भर दुकानात मी तिला म्हटलं की तुला सरळ रेघ कापता येत नाही, म्हणून रुसली. पण खोटं काय होतं त्यात? तिला कात्रीला लावू नकोस. तिचा हात त्यासाठी नाही. गल्ल्यावर मात्र तिच्यावाचून अडतं.

आणि तू अक्षर केवढं मोठं काढायला लागली आहेस. एका पानात आठ ओळी. कागद फुकट मिळतो का तिकडे?

तुझी
ताई

११ मार्च

ताई,

सरळ उत्तर हवं ना? घे. फर्मा माझ्या टेबलावरून गेला, मला ठाऊक असताना गेला, आणि मी अडवलं नाही. मी दिला असंच समज.

आता तुझ्या आठवणीविषयी. पियानो थांबला तो माझ्या झग्यामुळे. टरकन् फाटला तो माझा, आणि हसलीस ती तू. मला तीन दुपारी खेळायला न सोडता शिवणाच्या खोलीत बसवलं, तेव्हा सिस्टरनी चौबगळा मला शिकवला. तुला मी शिकवला, घरी, पलंगावर बसून, जुन्या उशीच्या अभ्र्यावर. नाकाला खडू माझ्या लागला होता कारण खडू माझ्या हातात होता.

गेल्या वर्षी वर्तमानपत्रात तुझी मुलाखत आली. तू कात्रण पाठवलंस, पाकिटाला तिकिटंही जास्तीची लावलीस. 'शाळेत शिकलेली एक साधी युक्ती मी लाटांवर खेळणाऱ्यांसाठी वापरली.' मी. मी ते कात्रण चार वेळा वाचून घेतलं. त्यात धाकटी बहीण कुठे नव्हती. डोंगर नव्हता, टेबल नव्हतं, सव्वीस वर्षांची पार्सलं नव्हती. तुझ्या दुकानातल्या आरशाबद्दलसुद्धा दोन वाक्यं होती.

तेव्हा मी काही बोलले नाही. तू मोठी, मी धाकटी, मला मागच्या रांगेची सवय. पण तू आज मला चोर ठरवून पत्र लिहितेस आणि वर नाकाची आठवण काढून लाडात येतेस, ते मला चालणार नाही. एक काय ते कर. रागाव, नाहीतर लाड कर.

बटणी बरी आहे. पोटभर जेवते. तिला कशाला लावायचं आणि कशाला नाही ते मी तिची मावशी म्हणून ठरवीन. आणि तिला बोलावताना तू 'गल्ल्यावर अडतं' असं लिहिलंस. ते तिने वाचलं.

धाकटी

१६ मार्च

धाकटे,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे नुसतं रागावते.

तू दिलास. ठीक. मग आजपासून मला तो चौबगळा नको. तुझे सगळे फर्मे खिळ्यावरून काढून माळ्यावर टाकले. मशीनवर बसणाऱ्या बाईंना सांगितलं की यापुढे बगल सरळ शिवायची, तुकडा नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, अहो, पण हात कसा उचलणार माणूस? मी म्हटलं, बाकीचं जग उचलतंच ना. आधीच कापून ठेवलेले अडतीस सदरे तसे शिवून झाले. काचेत लावले. दुरून सुंदर दिसतात.

मुलाखतीचं म्हणशील तर तो मुलगा अर्धा तास बसला होता आणि मी तुझ्याबद्दल त्याला पंधरा मिनिटं सांगितलं. त्याने छापलं नाही. मी काय त्याच्या मानगुटीवर बसायला हवं होतं? हां, कात्रण पाठवताना त्याबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. ती राहिली. पण एका राहिलेल्या ओळीसाठी तू माझं दुकान समोर नेऊन द्यावंस?

तुला काय कळणार इथलं? तू एकदाही समुद्रात उतरली नाहीस. मीही नाही, पण मी निदान त्याच्या काठाला उभी राहते. समोरचा तो रोज संध्याकाळी दुकान बंद करताना मला हात करतो. हसून. आता ते हसू कशाचं ते कळलं.

यापुढे फर्मे पाठवू नकोस. पत्रही नको. बटणीला पुढच्या सोमवारपर्यंत घरी पाठव. मी तिला काही खाऊन टाकत नाही. लहानपणी गुडघ्याएवढी असताना तिने दुकानातलं बटण गिळलं, तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसणारी मीच होते. सकाळी बटण पडलं तेव्हा रडणारीही मीच. माझ्या लेकीला माझ्यावर उठवू नकोस.

ताई

५ एप्रिल

ताई,

पत्र नको म्हणालीस. सोमवारही जाऊन दोन आठवडे झाले. तरी हे वाचच, कारण शब्द दिला होता म्हणून मी गप्प होते, आणि आता जिला दिला तिनेच मला मोकळं केलंय.

माझे डोळे गेलेत. पूर्ण नाहीत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात आणि चेहऱ्याच्या जागी धूर. कापायची रेघ नेमकी त्या धुरात येते. अडीच वर्षं झाली याला. अर्धं बोट कललेला तुकडा तू ओल्या मुलीच्या काखेत ओळखलास, पण माझं अक्षर का मोठं झालं हे तुला विचारावंसं वाटलं नाही. कागद फुकट आहे का, हे विचारलंस.

मी तुला का कळवलं नाही? कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे गं, आता आराम कर, आणि दुसऱ्या कोणाकडून तरी फर्मे घेतले असतेस. मग माझ्याकडे तुझं पत्र तरी कशाला आलं असतं?

गेली दोन वर्षं तुला आलेला एकही फर्मा मी कापलेला नाही. सगळे बटणीने कापलेत. दर दीड-दोन महिन्यांनी मावशीला भेटायला म्हणून येत होती ना, ती त्यासाठी. चार दिवस माझ्या टेबलावर कापायची, पार्सल मी मागाहून टाकायची. तिला वाटायचं, आईला एक दिवस आपोआप कळेल. तू 'हात सुधारतोय' असं लिहिलंस ते पत्र तिनेच मला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर पार्सलाची सुतळी गुंडाळत बसली, बराच वेळ.

तो कल तिचा आहे. आपल्याला सुचला नसता. आपण चौबगळा गाण्यासाठी शिकलो, हात वर करण्यासाठी. फळीवर पालथं पडून पाणी मागे ओढणारा हात वर जात नाही, तो पुढे जातो. हे तिला ठाऊक आहे कारण ती पहाटे पाण्यात असते. तिचे केस ओले असायचे ना गल्ल्यावर? बाकीचं तिने स्टुलावर बसून पाहिलं. परत आलेला प्रत्येक सदरा तिच्या हातात यायचा, आणि माणूस तक्रार करताना कुठे खाजवतो ते ती बघायची.

त्या दिवशी तिने कात्री हातात घेतली होती ती तुला हेच सांगायला. आणि तू तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, ठेव ती खाली, तुला सरळ रेघ कापता येत नाही.

खरंच आहे. ती तिरपी कापते.

पुढचं तिला लिहायचं आहे. मी लेखणी देते.

*आई, फर्मा मावशीने दिला नाही. मी दिला. मी एकदा पाण्यातून बाहेर येत होते, तेव्हा समोरच्या काकांनी माझ्या अंगातला सदरा पाहून विचारलं, हे कोणी कापलंय? मी तेव्हा काहीच बोलले नाही, कारण आधी तुला सांगायचं होतं. तुला सांगायला आले त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. इथे आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं आणि फर्मा पाठवला. अकरा वर्षं तुझ्या दुकानात बसले, तू एकदाही विचारलं नाहीस. त्यांनी एकदाच विचारलं.*

*मला त्याबद्दल वाईट वाटत नाही. वाटेल असं वाटलं होतं, पण वाटत नाही.*

*सोमवारी मी आले नाही, कारण तू बोलावलं होतंस गल्ल्यावर.*

एवढंच लिहून बाहेर गेली. तिला मी तुझ्यावर उठवलेलं नाही, ताई. तिला फक्त टेबल दिलं.

धाकटी

२७ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र तीन आठवडे फडताळात ठेवलं. पहिले आठ दिवस मी ते खोटं मानलं. बटणीला पाठीशी घालायला तू रचलंस, असं ठरवून टाकलं आणि जरा बरं वाटलं.

मग पोहणं शिकवणाऱ्या त्या थोराड बाई आल्या. अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. अडतीसमधला एक सदरा त्यांनी नेला होता. त्यांनी हात उचलला. काखेत दोन्हीकडे कातडी सोललेली, लालभडक. मी म्हटलं, मीठ लागलं असेल. त्या म्हणाल्या, मीठ सगळीकडेच असतं हो. सदरा गल्ल्यावर ठेवून निघून गेल्या.

त्या दुपारी दुकानाचं दार लावलं. तो सदरा बादलीत बुडवला, तसाच ओला अंगात चढवला आणि कापायच्या टेबलावर पालथी पडले. माझं वय, माझं पोट, सगळं टेबलावर. हात पुढे टाकून मागे ओढायला लागले. शंभर वेळा ओढायचं ठरवलं होतं. मशीनवरच्या बाई जेवून मागच्या दाराने आत आल्या, दोन मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरांना बोलावू का? मी म्हटलं, मोजते आहे, मध्ये बोलू नका. साठाला डोळ्यांत पाणी आलं. ते काखेमुळेच आलं, असं त्यांना सांगितलं.

मग माळ्यावरून सगळे फर्मे खाली काढले. तुझे चोवीस वर्षांचे आणि हे दोन वर्षांचे, जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. तुझ्या खुणा फिकट, बारीक. दोन वर्षांतल्या खुणा काळ्याभोर, कागदात रुतलेल्या. पेन्सिल जिभेला लावून लिहिलेल्या. दुसरीत असताना मी तिला त्यासाठी किती वेळा रागावले असेन. जीभ काळी घेऊन शाळेतून यायची. त्याच ओल्या टोकाच्या खुणा दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगलेल्या होत्या, आणि मी त्याखाली बसून तिला म्हणत होते, ओल्या केसांनी गल्ल्यावर बसू नकोस, वह्या भिजतात.

मी अजून रागावलेली आहे. तुझ्यावर, कारण दोन वर्षं तू माझ्या कौतुकाची पत्रं घेतलीस आणि ती जिची होती तिला वाचायला लावलीस. तुझ्या डोळ्यांबद्दल तू मला परकं ठेवलंस. 'आराम कर' म्हणाले असते, हे तू परस्पर ठरवलंस. म्हणालेही असते कदाचित. पण मग पुढच्याच गाडीत बसून आले असते, हेही तुला ठाऊक हवं होतं. बटणीवरही आहे, कारण माझ्याशी भांडायचं तर घरात भांडायचं, समोरच्या काचेत नाही. आणि त्या समोरच्यावर सगळ्यात जास्त, कारण त्याने विचारलं. आपल्यातला रस्ता मोजून अकरा पावलांचा आहे. काल मी तो ओलांडून गेले. त्याला म्हटलं, माझ्या मुलीचं काम तुम्ही ओळखलंत. तो पुन्हा हसला. ते हसू साधंच होतं, आणि त्याचाही मला रागच आला.

हा राग इतक्यात जाणार नाही. त्याची वाट बघत बसले तर कामं राहतील. म्हणून खाली लिहिते ते नीट वाचून घे, आणि ज्याचं त्याला दे.

पार्सलात टॉवेलमध्ये गुंडाळलेली आपल्या आईची मोठी कात्री आहे. ती बटणीची. माझ्याकडून म्हणून हातात देऊ नकोस, भाषण करू नकोस. टेबलावर ठेव. डाव्या पात्याला अजून ती खाच आहे, तिला म्हणावं तिथे जपून.

चोवीस वर्षांचे सरळ फर्मे तुझे. प्रत्येकावर तुझं नाव घातलंय, आणि दिसेल एवढं मोठं घातलंय. वर्तमानपत्राला पत्र टाकलं. छापोत न छापोत, त्याची प्रत सोबत आहे. बटणीकडून वाचून घे. त्यात पियानो तुझ्यामुळे थांबला असं लिहिलंय. मी हसले होते, हेही.

दोन वर्षांचे तिरपे फर्मे बटणीचे. तिने ते समोरच्याला द्यावेत, आणखी कोणाला द्यावेत, जाळावेत. मी विचारणार नाही. इथे आणून टांगले तर खिळे रिकामे आहेत.

पोहण्याच्या बाईंना दोन सदरे द्यायचे. मी घरी जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी अर्धवट केली. उरलेली माफी, सदरे मिळाल्यावर.

ते दोन धरून अडतीसच्या अडतीस सदऱ्यांच्या बगला मी उसवल्या आहेत. स्वतः, रोज चार. मागच्या खोलीत दांडीवर टांगलेत, शहात्तर भोकं. त्यात मी काही बसवणार नाही. माझ्या हाताने तो कल येत नाही, तीन वेळा कापून पाहिला.

दुकानाची एक किल्ली बटणीला. ती आली नाही तरी तिचीच. कापायचं टेबल तिचं, टेबलावरचा दिवा तिचा. दिवा जरा उजवीकडे सरकवलाय, ती डावखुरी आहे हे मला आठवलं म्हणून. दाराच्या आत टॉवेल लावलाय, केस पुसायला.

तुला गाडीचं तिकीट. येताना भिंगही आण. फर्मे हाताने चाचपून चुका सांगणारं कोणीतरी इथे लागेल.

आणि गल्ल्यावरचं उंच स्टूल मला. सोमवारपासून मी तिथे बसतेय. लोक कुठे खाजवतात ते बघते.

तुझी
ताई